सुईची सूज

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर खोकणारी पोरगी.

“टीबी पाहाले पोट्टीच्या हाताले सुई टोचली होती ना वं, अंजनाबाई? सूज आली का?”

“आली होती ना, चांगली सुपारीएवढी.”

“मंग ते चांगलं का वाईट, सांगतलं का तुले?”

“नर्सबाईनं कुठं सांगतलं? फक्त म्हणे, परवा हात दाखवाले आणजा.”

“पाहू बरं. अवं, इथं तं काहीच नाही!”

“हळद-चुना गरम करून लावला, इतवारीच्या बाजारातून बर्फ आणून चोळला. ते सूज पाहून मले लय भेव लागे.”

“पण डाक्टर तं सूज पाहूनच टीबी ठरवतात! आता म्हणतीन, पोट्टीले काहीच नाही.”

“म्हणू दे ना बाई, तेच तं आयकाले आली मी. खोकू नको वं बेटा, आपला नंबर आला.”