थर्माकोलची किल्ली

अध्यक्षसाहेब, समितीतले सहकारी, विमानतळावरचे सगळे कर्मचारी, वाशीहून आलेली दिगंबरभाऊंची माणसं, आणि वहिनी,

आज भाऊंच्या शोकसभेला आहेत एवढी माणसं या प्रतीक्षागृहात मी पहिल्यांदाच पाहते आहे. भाऊंनी बघितली असती तर म्हणाले असते, बैठकीला कवा आला न्हाईत, आज बरे आलात.

मी या टेबलाची कड धरून उभी आहे. कोणाला वाटेल वय झालं. कोणाला वाटेल दुःख. दोन्ही आहेच. पण मला भीती वाटते आहे, म्हणून धरली आहे. वहिनी, तुमची आधीच क्षमा मागते. मी आज रडणार नाही, भांडणार आहे.

मी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आपल्या विमानतळाचा आग विझवायचा जुना बंब बदलायचा ठरला, तेव्हा समितीत मला घेतलं ते इंग्रजी कागद वाचायला. भाऊंना घेतलं, कारण इथून जवळच, आपल्या जिल्ह्यातल्या वाशीत त्यांचं ट्रॅक्टरचं दुकान. गाडी विकत घ्यायची तर गाडी विकणारा माणूस हवा. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी लई भारी. पण इंग्रजीनं पाणी वर चढत न्हाय." मी म्हटलं, तुमच्या मिशीनंही चढत नाही. तेव्हापासून आमची दोस्ती.

भांडायला असा माणूस आता मला कुठं मिळणार?

जुना बंब तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. ढकलल्याशिवाय चालू होत नाही. मागच्या उन्हाळ्यात धावपट्टीच्या कडेचं वाळलं गवत पेटलं, तो दिवस इथल्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल. वर एक छोटं विमान घिरट्या घालत होतं. त्यात शिकवणाऱ्यासोबत माझी नात सई होती. इथं विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांतली ती एक. मी धावपट्टीसमोरच्या आमच्या गच्चीवर होते. येडशीच्या बाजूनं ते विमान वळायचं, धूर बघायचं, परत वर जायचं. आणि खाली बंब चालू होत नव्हता. पाच-सहा जण त्याला ढकलत होते, आणि त्यांच्यात पांढऱ्या सफारीतला एक जाडा माणूस होता. ते भाऊ. काही कामासाठी आले होते, ते ढकलायला लागले. एक चप्पल मागं राहिली, तरी थांबले नाहीत.

त्या दिवशी काही झालं नाही. गवत जळून आपोआप विझलं. सई सुखरूप उतरली. मी गच्चीच्या पायऱ्या उतरले त्या बसत बसत.

संध्याकाळी भाऊ आमच्याकडं चहाला आले आणि त्यांनी कप तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाई, आज देवानं विझवली. रोज त्याला कुठं बोलवायचं?"

त्यानंतर त्यांनी समितीला स्वस्थ बसू दिलं नाही. पुण्याहून एक विक्रेता चकचकीत पुस्तिका घेऊन आला. रिकामा बंब मैदानावर असा काही पळवला की आपल्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. नावं घेत नाही, तुम्ही पुढच्याच रांगेत आहात. भाऊ म्हणाले, टाकी भरून पळवा. विक्रेता म्हणाला, साहेब, त्याची गरज नाही. भाऊ हसले. "म्या पण ट्रॅक्टर दावतो तवा ट्रॉली रिकामीच लावतो. मला नका शिकवू." टाकी भरली, आणि तो बंब साध्या चढावर दम टाकून उभा राहिला. मग दुसरा बघितला. मग तिसरा. तिसरा घेतला.

तो आला. लाल, उंच, देखणा. मागच्या शेडमध्ये उभा आहे. पाण्याची टाकी आहे, फेसाची टाकी आहे, विमानाचा दरवाजा कापायची हत्यारं आहेत. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. कागद पूर्ण झाले, मी स्वतः वाचले. आणि त्याच्यावर ताडपत्री आहे. का? तर लोकार्पण व्हायचं आहे. पाहुण्यांची तारीख मिळायची आहे.

लोकार्पण. मला भाषा शिकवायची सवय आहे, म्हणून विचारते. लोकांना अर्पण करायचं म्हणजे तोवर लोकांपासून लपवून ठेवायचं का?

त्या समारंभासाठी एक मोठी किल्ली करून आणली आहे. थर्माकोलची, सोनेरी कागद लावलेली. ती अध्यक्षसाहेबांच्या कपाटात आहे, आणि तिच्या शेजारी बंबाची खरी किल्ली. भाऊंनी ती थर्माकोलची किल्ली बघितली तेव्हा मी सोबत होते. त्यांच्याही दुकानात तशीच किल्ली होती. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या हातात ती देऊन फोटो काढायची पद्धत. पण भाऊ आधी खिशातून खरी किल्ली काढून त्याच्या मुठीत ठेवायचे, मग थर्माकोलची. मी विचारलं, असं का? म्हणाले, "खोटी किल्ली धरून माणूस येड्यावानी दिसतो बाई. खरी मुठीत असली, की मग तो हसतो."

सोलापूरच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटले. नाकात नळी होती. मला बघताच त्यांनी ती सावरली. एवढंच म्हणाले, "ताडपत्री काढली का?"

मी म्हटलं, अजून तारीख मिळाली नाही.

"मंग म्या मेल्यावर माझ्या नावानं आणखी लांबवतील बघा."

मी रागावले. अभद्र बोलू नका म्हटलं. ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला.

मघाशी अध्यक्षसाहेबांनी काय जाहीर केलं? भाऊंच्या सन्मानार्थ, दुखवटा म्हणून, लोकार्पण पुढच्या महिन्यावर ढकललं. आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी तेवढ्या हलल्या नाहीत. मी बघत होते.

साहेब, तुमचा हेतू वाईट नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच मला भीती वाटते. वाईट हेतूशी मी भांडू शकते. पण या आदराशी, या हारांशी, या दुखवट्याशी कसं भांडू?

उद्या सकाळी सई उडणार आहे. पहिल्यांदाच एकटी. शेजारी शिकवणारा नसेल. काल तिला म्हटलं, नवा बंब चालू होईपर्यंत थांब. ती म्हणाली, "आजी, तू गच्चीवर उभी राहू नकोस. वरून मला तुझी साडी दिसते, आणि मग मलाच तुझी काळजी लागते." पोरगी भीत नाही, कारण तिला वाटतं खाली मोठी माणसं आहेत.

आहोत का आपण?

उद्या ती उतरताना खाली कुठला बंब उभा असेल? ढकलायचा, की ताडपत्रीखालचा? आणि ढकलायचाच असेल, तर आता भाऊ नाहीत. कोण ढकलेल? तुम्ही?

समारंभ पुढच्या महिन्यात करा. हार घाला, नारळ फोडा, थर्माकोलची किल्ली पाहुण्यांना द्या, फोटो काढा. माझं काही म्हणणं नाही. पण खरी किल्ली आज द्या. कपाट या भिंतीपलीकडं आहे. बंबाचे चालक त्या दाराशी उभे आहेत. भाऊंच्या दुकानात जो क्रम होता, तोच धरा.

वहिनी उठून उभ्या राहिल्या आहेत. आपणही उभं राहू या. शांतता पाळायची ना? पाळू. पण ती घड्याळावर नको. साहेब किल्ली आणायला जातील, आणि मागच्या शेडमध्ये इंजिन चालू झाल्याचा आवाज इथं येईपर्यंत कोणी खाली बसणार नाही, कोणी बोलणार नाही.

भाऊ, तुम्हीही ऐका.

साहेब, जा. आम्ही उभे आहोत.