मंगळवारचं दुखणं

ठाण्यात कल्याणच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या मिस्त्रींना सकाळीच गाठून एक ओळखीचा खाकीतला ड्रायव्हर बोलत होता.

"मिस्त्री, प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, तरी डॉक्टरांची गाडी मिसिंग करतेच, आचके देत चालते. आता विकतायत ते. माझी नोकरी जाणार, मी कुठे जाऊ?"

"रोज करते?"

"छे हो! फक्त मंगळवारी. तासभर चालली की आपोआप बरी होते."

"मंगळवारी सकाळी काय करतोस रे धाकू?"

"आंघोळ करून तिची पूजा. बॉनेट उघडून हळदकुंकू लावतो, नारळ फोडून पाणी शिंपडतो."

"कुठे शिंपडतोस?"

"त्या काळ्या टोपीवर, प्लगच्या वायरी निघतात तिथे. गाडीचा जीव तिच्यात, तुम्हीच सांगितलेलं."

"अरे शहाण्या, टोपीत पाणी गेलं की ठिणगी मरते! इंजिन तापून वाळलं की मग धावणारच."

"म्हणजे मीच तिला..."

"पूजा कर, पण पाणी चाकावर घाल."

"पण गिऱ्हाईक आजच येणार, दहा वाजता!"

"आज मंगळवार. नारळ फोडलास?"

"पहाटेच."

"मग आधी गिऱ्हाईकाला फिरवून आण. टोपी नंतर पूस."