ज्यानं मंत्र म्हणला, त्यानं भोगायचं

लातूरच्या बसस्टँडवर उदगीरची गाडी अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर कॉलेजातल्या दोन मुली बसल्या होत्या. त्यातली एक तावातावानं सांगत होती.

"त्या जपानी ॲनिमे मालिकेत पहिल्याच एपिसोडला नियम सांगितलाय, गिरिजे. ज्यानं मंत्र म्हणला, त्याचंच काहीतरी जातं. एकाची झोप गेली, एकाला वास यायचा बंद झाला."

"मग?"

"मग शेवटच्या एपिसोडात हिरोनं सगळ्यात मोठा मंत्र म्हणला, अन् आवाज कुणाचा गेला? त्याच्या बहिणीचा!"

"जीव असंल गं तिचा भावावर."

"जीव असला म्हणून नियम बदलतो का? जादू ह्याची, जिंकला हा, अन् मुकी झाली ती! वर हसायली होती. माझं तर डोकंच फिरलं. लिहिणाऱ्याला लाज न्हाई वाटली?"

"बरं, शांत हो. हा उसाचा रस घे, बर्फ वितळायलाय."

"नको. गोड बंद हाय माझं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. रवीदादाचा मेडिकलला नंबर लागावा म्हणून आई महादेवाला नवस बोलली. नंबर लागेपर्यंत मी गोडाला शिवायचं न्हाई."

"अन् दादानं काय सोडलं?"

"त्यानं कशाला सोडायचं? त्याला अभ्यास हाय. काल माझ्या वाट्याचे गुलाबजाम पण आईनं त्यालाच वाढले."

"सृष्टे, अगं..."

"तू विषय बदलू नको. त्या बहिणीनं न्हाई म्हणायला पाहिजे होतं का न्हाई, ते सांग आधी!"