निळ्या चिंधीचा डबा

माझं गाव वळसंग. सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागलं की येतं. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, आई रागावली की कन्नडात बोलायची, वडील रागावले की बोलायचेच नाहीत. वडिलांची पिठाची गिरणी होती, वेशीजवळ, पत्र्याची. मी चालायला शिकलो तो डब्यांना धरून. पाळण्यात टाकलं तरी झोपायचो नाही म्हणे, गिरणीत आणलं की तिच्या धडधडीत झोपायचो. नाव सिद्राम, आता पन्नाशी उलटली, हे सगळं तुम्ही लिहून घ्या, पण आधीच एक सांगून टाकतो, नंतर सांगायला जीभ वळत नाही. माझ्या बोलण्यानं एक गल्ली रिकामी झाली. मी कोणाला मारलं नाही, बंदूक हातात धरली नाही, डबे कोणाचे एवढंच सांगितलं.

काय सांगू तुम्हाला, गिरणीचा एक कायदा असतो, तो कुठं लिहिलेला नाही. बाई येते, डबा रांगेत ठेवते आणि घरी निघून जाते. रांगेत माणूस नसतो, डबाच असतो. पुढचा डबा दळला की जो कोणी तिथं असेल तो पायानं मागचे डबे पुढं सरकवतो, आपला असो वा दुसऱ्याचा, आणि मधे कोणी घुसत नाही. डबा आणायचा राहिला असेल तर दगड ठेवायचा, चिंधी ठेवायची, तोही नंबरच. वडील म्हणायचे, डबा म्हंजी बाईच हाय रं सिद्राम, त्येला लाथ मारू नगं, सरकव. आणि डबा कोणाचा हे गिरणीवाल्याला ओळखता आलंच पाहिजे. पोचा बघून, झाकण बघून, कडीला बांधलेला दोरा बघून. मी सातवीत होतो तेव्हा आमच्या गिरणीतले सगळे डबे मला घरासकट पाठ होते. कोणी विचारलं, हा कुणाचा रे, की मी सांगायचो, देवळामागच्या तिसऱ्या घरचा, त्यांच्याकडं पाव्हणे आलेत, म्हणून आज दोन डबे. लोक हसायचे, वडिलांना अभिमान वाटायचा. ती सवय मला वडिलांनीच लावली, पण त्यांचा काय दोष.

पुढं वडील गेले, भावानं गिरणी घेतली, मी सोलापुरात गिरण्या बसवायच्या कामाला लागलो. दगडाला टाकी लावून दात काढायचे, पट्टा चढवायचा, जाड-बारीक जुळवून द्यायचं. आमचा मालक बाहेरदेशी गिरण्या पाठवायचा, त्यातली एक सुदानला गेली आणि ती बसवायला मी गेलो. बायको म्हणाली, तितं काय खाणार तुमी? जाऊन बघतो तर ज्वारी! आपली ज्वारी. तिला तिकडं दुरा म्हणतात. पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, कागदासारखी भाकरी होते, आंबूस. पहिला घास खाल्ला आणि मला रडू आलं. गिरणीचे मालक हाजी इद्रिस, पांढऱ्या पागोट्याचे, सत्तरीचे, ते म्हणाले, हा हिंदी ज्वारी बघून रडतो, याला सोडायचा नाही. मला सगळे हिंदीच म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानातला. पंधरा दिवसांसाठी गेलेलो मी, वर्षानुवर्षं राहिलो. सुट्टीला यायचो, परत जायचो. गावाचं नाव सांगत नाही, नदीकाठचं मोठं गाव होतं एवढं पुरे.

मग त्यांच्यात्यांच्यात लढाई लागली. एकाच देशाच्या दोन फौजा, दोघांची भाषा एक, नमाज एक, कपडेही लांबून सारखेच. गिरणीच्या एका अंगाला बाजार, तो सरकारी फौजेकडं, दुसऱ्या अंगाला कालवा, तो दुसऱ्या फौजेकडं. गिरणीला दारं दोन, एक इकडं, एक तिकडं. हाजींकडं रेडिओ एकच होता, कोणत्या दारानं कोण येतंय बघून ते स्टेशन बदलायचे. या स्टेशनवर ते संपलेले, त्या स्टेशनवर हे संपलेले. मी म्हणालो, हाजी, दोघंही संपले असतील तर गोळ्या कोण मारतंय? ते म्हणाले, हिंदी, तू दळ.

वीज गेली, मग इंजिनावर दळायचो. आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. इंजिन चालू असलं की दोन्ही फौजांच्या चौक्या गप्प असायच्या. बंद पडलं की थोड्या वेळात दोन्हीकडून गोळ्या सुटायच्या. का ते कोणी सांगितलं नाही. आवाज थांबला म्हणजे पलीकडचे काहीतरी करताहेत असं दोघांनाही वाटत असावं. त्यामुळं भर दुपारी, आपल्या सोलापूरसारखंच ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुत्रं नाही, आणि सगळ्या गावात एकच आवाज, माझ्या गिरणीचा. कधीकधी वाटायचं, गाव गिरणी चालवत नाही, गिरणीच गाव चालवतेय.

बाजारात भाकरीच्या दुकानापुढं बायकांची रांग होती, त्या रांगेवर तोफगोळा पडला. त्यानंतर बायका दळणाला यायला घाबरू लागल्या. तेव्हा मीच म्हणालो, तुम्ही उभ्या राहू नका, डबा ठेवा आणि घरी जा, आमच्याकडं असंच असतं. बायका हसल्या. डबा रांगेत उभा राहतो? सगळ्यात आधी डबा ठेवला तो बतूलखालानं. खाला म्हणजे मावशी, आपल्या सोलापुरातही मुसलमानांच्यात खालाच म्हणतात, म्हणून मला ती पहिल्यापासून जवळची. कालव्याच्या अंगाला शाळेमागं लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत तिचं घर. दोन मुलगे, एक सून. तिनं जुन्या लुगड्याची निळी चिंधी फाडून डब्याच्या कडीला बांधली आणि डब्याला म्हणाली, नीट उभा राहा रे, कोणी गोळी मारली तर खाली बस. सगळ्या बायका खळखळून हसल्या. दगड ठेवला, चिंधी ठेवली तरी नंबर लागतो हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग मी मेले तर चिंधी पाठवीन, माझा नंबर घालवू नकोस.

डबे दोन्ही भिंतींना लागले. बाजाराकडच्यांचे या भिंतीला, कालव्याकडच्यांचे त्या भिंतीला. मी एक इकडचा घ्यायचो, एक तिकडचा. काही दिवस बरं चाललं. मग एक बाई आली आणि तिनं विचारलं, माझ्या आधी कोणाचं दळलं?

आता बघा, गिरणी कधी पूर्ण रिकामी होत नाही. आधीच्या माणसाचं मूठभर पीठ आत राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं, आणि पुढच्याचं मूठभर आत राहतं. किती ठोका, किती झाडा. तिला त्या भिंतीचं मूठभर पीठ नको होतं. मग सगळ्याच विचारू लागल्या. मी हाजींकडं बघायचो, हाजी रेडिओकडं. बतूलखालानं ऐकलं आणि पुढं आली, म्हणाली, अगं बायांनो, आयुष्यभर तुम्ही एकमेकींचं मूठमूठ खाल्लंय, आज कुठून कडू लागलं? आणि मला म्हणाली, हिंदी, माझं कायम तिकडच्या डब्यानंतर दळ. मी तसंच करत गेलो.

एके दिवशी दुपारी एक जण आला, कोणत्या फौजेचा ते मी विचारलंही नाही. तरणा, दाढी नुकती फुटलेली, बंदूक पाठीला, पण लई अदबशीर. सलाम केला, पोत्यावर बसला, पाणी मागितलं. हाजी नमाजाला गेले होते. तो म्हणाला, एवढे डबे, माणूस एक नाही, तुला कसं कळतं कोणाचा कोणता? आणि मी, माझी अक्कल बघा, मला वडिलांच्या गिरणीत बसल्यासारखं वाटलं. मी उठून दाखवायला लागलो. हा पोचा पडलेला, तो शिंप्याच्या घरचा. हा तांबडं झाकण, त्या घरात म्हातारा-म्हातारी. ही निळी चिंधी बतूलखाला, शाळेमागं, लिंबाखाली, दोन मुलगे आहेत, म्हणून डबा भरून येतो. तो मान डोलावत होता. वा, म्हणाला, तू तर सगळी गल्ली ओळखतोस. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तो गेला आणि मी दळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कालव्याकडच्या भिंतीचे डबे न्यायला कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. मी कालव्याकडच्या दारात उभा राहून बघितलं. लिंबाचं झाड दिसत होतं. रोज त्या वेळी तव्यांचा धूर असायचा, तो नव्हता. आरडाओरडा नाही, रडणं नाही, एक दार वाऱ्यानं उघडत होतं आणि मिटत होतं. लोक पळाले की नेले, आजतागायत मला माहीत नाही. हाजी आले, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, हाजी, मी सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि काय सांगू, इंजिन बंद करायची सोय नव्हती, बंद केलं की गोळ्या. दळायला कोणी येत नव्हतं. मी रिकामी गिरणी फिरवत बसलो. रिकाम्या गिरणीत दगडाला दगड लागतो, जळका वास येतो, दाताखाली खडा यावा तसा आवाज येतो. भिंतीला दळलेले डबे ओळीनं उभे, आणि मी मधे. डबे माझ्याकडं बघताहेत असं वाटायचं. हसू नका. वडील म्हणायचे ना, डबा म्हणजे बाईच.

मग हाजींनीच मला गाडीत बसवलं, आपल्या देशाच्या लोकांबरोबर बंदरावर पाठवलं. निघताना मी म्हणालो, बतूलखालाचा डबा तेवढा रांगेत राहू द्या. ते म्हणाले, रांग तरी कुठं राहिलीय? पण ठेवतो.

इथं आलो, सोलापूरच्या पूर्वभागात ही गिरणी टाकली. गिऱ्हाईक सगळं विणकर वस्तीचं. तेलुगू बोलणाऱ्या बाया, आमच्यासारख्या कानडी-मराठी, पलीकडच्या गल्लीतल्या खाला. सगळ्यांचे डबे एकाच रांगेत. पण मी डबे ओळखायचं सोडलं. कोणी विचारलं, हा कोणाचा, की मी म्हणतो, माहीत नाही. मागं एक पोरगा वही घेऊन आला, कुठल्यातरी पक्षाचा, या गल्लीत कोण कोण राहतं, डबे कोणाकोणाचे, लई अदबीनं विचारत होता. मी म्हणालो, मी नवा आहे. एकदा शेजारणीची मुलगी आईचा डबा न्यायला आली, तिलाही म्हणालो, माहीत नाही. बायको भडकली. म्हणाली, गिरणीवाल्याला डबा वळकत न्हाय, मग गिरणी कशाला काढली वं? चपलाचं दुकान टाकायचं व्हतं! सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. मला सगळे डबे ओळखू येतात हो, घरासकट. तीच तर भीती आहे.

गेल्या महिन्यात एक बाई आली. म्हणाली, माझ्या आधी कोणाचं दळण होतं? माझ्या हातून बटण दाबलं गेलं. गिरणी बंद पडली आणि मी कान देऊन बसलो, कुठून गोळी येते म्हणून. बाई घाबरली. अहो, उपवासाचं आहे, म्हणून विचारलं, भगर आहे. मी म्हणालो, व्हय, व्हय. तिचं दळून दिलं. मग आठवड्यानं दुसरी आली, तिनंही तेच विचारलं. तिच्या डब्यात ज्वारी होती. उपवास नव्हता.

हाजींचा फोन लागत नव्हता. या दिवाळीनंतर त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. म्हातारे परत गावात गेले होते. म्हणाले, हिंदी, इंजिन नेलंय, पट्टा नेलाय, दारं नेलीत. डबे आहेत, पालथे, पीठ उंदरांनी खाल्लंय. फक्त निळ्या चिंधीचा डबा नाही. भिंतीला धुळीत चौकोन आहे, डबा होता तेवढा, आत धूळ नाही, म्हणजे नेऊन लई दिवस झाले नाहीत. आणि चिंधी गिरणीच्या दाराच्या कडीला बांधलेली आहे. दार नाही, कडी भिंतीत राहिलीय, तिला गाठ मारलीय. मी काही म्हणत नाही, तू काय ते समज.

मी ते किती वेळा ऐकलं असेल. बायको म्हणते, आली व्हती की वो ती, डबा नेला, नंबर ठिवला, सरळ हाय. तिला असं वाटतं, तिचं भलं होवो. मलाही तसं वाटतं, सकाळी. मग दुपार होते, रस्ता ओस पडतो, आणि वाटतं, चिंधी कोणाची हे आणखी एकाला, त्या बंदूकवाल्या पोराला, माहीत होतं. नंबराची गोष्ट त्याला माहीत होती का? मी त्या दिवशी एवढं बोललो, तेही बोललो असेन. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

म्हणून मी रोज सकाळी रांगेत पहिला एक रिकामा डबा ठेवतो. चिंधी-बिंधी काही नाही. बाया कोणाचा म्हणून विचारत नाहीत आता. तो दळायला आला की मी घरातली दोन मुठी ज्वारी टाकतो, तिचं मूठभर पुढच्या डब्यात जातं, कोणाच्या का असेना.

तुमचंही दळण आणलंय ना? ठेवा तिथं, मागं. देव तुमचं भलं करो, बारीक दळून देतो. संध्याकाळी येऊन घेऊन जा, तुमचा डबा तुम्हीच उचला. घर कुठं ते मात्र मला सांगू नका.