मिल्टन कीन्समधलं अंकोरवाट

अरे, एका सजावटीपायी मी जवळजवळ अपशकुनी ठरलो होतो! इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला तेव्हा घरी ब्रॉडबँड नुकतं आलेलं, त्यामुळे मी नको तितकं वाचायचो. मंडळाच्या गणपतीला मी हॉलच्या मधोमध थर्माकोलचं अंकोरवाट उभं केलं आणि मूर्ती त्यात बसवली. जोशीकाका आले ते संशय घेऊनच.

“कुणाचं देऊळ हे?”

“विष्णूचं. कंबोडियातल्या ख्मेर राजाने बांधलेलं.”

“मग तोंड पश्चिमेला का केलंस?”

“खऱ्या देवळाचंही तसंच आहे, काका.”

एवढ्यावर गप्प बसेन तो मी कसला! म्हटलं, “काही अभ्यासक म्हणतात, राजाने ते स्वतःच्या मरणोत्तर मुक्कामासाठी बांधलं. भिंतीवरची शिल्पंसुद्धा उलट्या प्रदक्षिणेने बघायची, अंत्यविधीत असते तशी.”

काका पांढरेफटक पडले. “म्हणजे गणपतीला स्मशानात बसवलंस? आणि हिची सोमवारी बायपास आहे! खरं सांग, आणखी काय लपवतोयस?” असं म्हणत ते काकूंना दाराकडे ओढायला लागले.

काकूंनी हात सोडवला. “अहो, उलटं गेलं की माणूस तिकडे जातो ना? मग सुलटं गेलं की परत येईल. चला.”

आणि त्या प्रदक्षिणेला निघाल्यासुद्धा. काका नाइलाजाने मागोमाग. तोंडात देवाचं नाव नाही, प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचे, मनगटावरच्या घड्याळाचे काटे बघायचे आणि मला दरडावून विचारायचे, “क्लॉकवाइजच चाललोय ना रे?”