दिव्याचे कापलेले पाय

ट्रॉन्हाइमच्या दवाखान्यात सोलव्हेगआजी नंबराची वाट बघत होत्या, पण कान होते शेजारच्या बाकावर. तिथे एक म्हातारा सुतार स्वतः जोडलेला, चिप, बटण आणि इवलासा एलईडी दिवा असलेला बोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. हाताला प्लास्टर घातलेली एक इलेक्ट्रिशियन पोरगी त्यात डोकावत होती.

“बटण दाबलं तरी दिवा लागत नाही, आजोबा?”

“नाही ना! पुस्तकात बघून सगळं केलं. माझ्या बायकोची, बोर्गहिल्डची वाचा गेलीय गं. आज घरी नेतोय तिला. तिनं खोलीत बटण दाबलं की माझ्यासमोर दिवा लागायला हवा.”

“दिव्याच्या दोन तारा, म्हणजे पाय असतात ना, त्यातला लांब पाय कुठल्या भोकात घातलात?”

“लांब? दोन्ही कापून सारखे केले मी. मला वाकडंतिकडं खपत नाही.”

“अहो, लांब पाय म्हणजे प्लस! आता दिव्याच्या कडेवर नख फिरवा. चपटं लागतंय?”

“लागतंय.”

“ती बाजू मायनसकडे हवी, तुमची प्लसकडे आलीय. दिवा फिरवून बसवा.”

“लागला! लागला गं!”

“किती वेळा दाबलं की काय, ते ठरलंय?”

“एकदा पाणी, दोनदा दुखतंय.”

“आणि उगीचच बोलवायचं असेल तर?”

“चाळीस वर्षं हाका मारल्या तिनं, मी रंधा थांबवला नाही. आता कितीही वेळा दाबू दे.”