दिवाळीचं कार्ड, पोळ्याचं शिंगरू

(शहाद्याजवळचं ब्राह्मणपुरी गाव. दुपार कललेली. गोठ्यात दोधूआबा घोडीला खरारा करतायत. त्यांचा मुलगा नवनीत मोबाइल हातात धरून येरझारा घालतोय.)

दोधूआबा : तू पहिले एके जागे उभा ऱ्हाय. तुन्ह्या फेऱ्या दखीसन घोडी बी पाय आपटी ऱ्हायनी.

नवनीत : आबा, संध्याकायलोंग पुण्याले उत्तर देवानं शे. ऑफिसन्या मॅडम आते थकन्यात मन्हाघाई.

दोधूआबा : दी दे मंग.

नवनीत : काय देऊ? त्यास्नं एकच म्हननं शे. दिवाईलोंग तुझ्या कॉम्प्युटरमध्ये सोळा जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसनार का? बसनार व्हई तं घरथून काम कर. नही तं गणपती उठनात का पुण्याले ये, ऑफिसमा बस.

दोधूआबा : आनि आते कितलं शे?

नवनीत : आठ. इमारतीसना चित्र हालतंचालतं करानं म्हनजे आठना दम निंघी जास. पंखा इतला बोंबलस का माय चुल्हापाईन इचारस, काय लाई दिधं रे?

दोधूआबा : नवं कव्हय ई ऱ्हायनं?

नवनीत : दिवाईले. म्हनजे... म्हनतस आसं.

दोधूआबा : कोन म्हनस?

नवनीत : तैवानना एक मानूस शे. त्यानी कारखानामधला कोनले तरी इचारं, मंग व्हिडिओ टाका. मेमरी जास्त, भाव तोच.

दोधूआबा : आनि कंपनी?

नवनीत : कंपनी काही म्हनत नही. नही बी म्हनत नही.

दोधूआबा : मांगला सालले बी दिवाईलेच येनार व्हतं ना? मंग संक्रांत म्हनना तू. मंग आखाजी.

नवनीत : आनि तुमनी घोडी? पोयाले व्यायनार व्हती. पोया गया, बैलसना शिंगडासना रंग बी उडी गया.

दोधूआबा : घोडीनी गोष्ट आल्लग शे.

नवनीत : कशी आल्लग? घोडी इकनारा खात्यानी तोंडघाई सांगेल शे का, गाभन शे म्हनीसन?

दोधूआबा : सारंगखेडानी जत्रामा तोंडघाई कोन सांगस? रुमालखाल हात लिधा, बोटसवर भाव व्हयना. मंग मी घोडीना पोटकडे दखं, तं त्यानी मन्हं बोट दाबं. दोनदाव. म्हनजे दोन जीव.

नवनीत : दोनदाव बोट दाबं, म्हनीसन तुम्ही जत्रापाईन तिले भिजाडेल हरभरा चारी ऱ्हायनात.

दोधूआबा : तू तैवाननावर इस्वास ठेवस. खात्या तं इकडलाच शे.

नवनीत : थांबा, शहादाथून कॉम्प्युटरवाला अंकितना फोन उना. स्पीकरवर टाकस. हां अंकित, दुकानातच आहेस ना?

अंकित : जय जिनेंद्र, काका. नवनीत, पटकन बोल यार. आज दुकान लवकर मंगल, म्हणजे बंद करायचंय. उद्या संवत्सरी, दादाजी केव्हाचे तयार होऊन बसलेत.

नवनीत : एकच विचारायचंय. पुण्याला लिहून टाकू का, दिवाळीला नवं कार्ड येणार म्हणून?

अंकित : 'येणार' नको लिहूस.

नवनीत : अरे, तो व्हिडिओ तूच तर पाठवलास.

अंकित : पाठवला, कारण मलाही बघून बरं वाटलं. पण माझ्या डीलरकडे त्या कार्डाचं नावसुद्धा नाही अजून. मागच्या वेळी मी असाच हुरळून जुना सगळा माल काढून टाकला आणि दिवाळीत कपाट रिकामं. दादाजी अजून विचारतात, अंकित, वो दिवाळीवाला माल आया क्या?

नवनीत : म्हणजे येणारच नाही?

अंकित : तसंही नाही ना. मला वाटतं, येईल. ह्या वेळी चार ठिकाणांहून एकच ऐकू येतंय, काहीतरी शिजतंय नक्की. पण दिवाळीला येईल का, ह्याच भावात येईल का, शहाद्याला कधी पोचेल, ते मी नाही सांगू शकत. आशा ठेव. तारीख कुणाला देऊ नको.

नवनीत : आणि आजचं सोळावालं?

अंकित : त्या पैशांत काकांना दुसरी घोडी येईल.

नवनीत : मग तूच मॅडमना फोन करून सांग ना, दिवाळीला देतो म्हणून. दुकानदारानं सांगितलं की त्यांना पटेल.

अंकित : उद्या वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, आणि आज तुझ्यासाठी ताजी चूक करू? नाही जमणार, भाऊ. ठेवतो. दादाजी शटरपाशी जाऊन उभे राहिलेत.

दोधूआबा : पोऱ्या चांगला शे.

नवनीत : चांगला शे, तोच तरास शे. आबा, माले पुण्याले जावानं नही शे. तठे रूमवर जीव लागत नही. आठे ऱ्हायनू तव्हयपाईन माले झोप येस. मी लिखी टाकस, येनार म्हनीसन. दिवाईनं दिवाईले दखाय जाई.

दोधूआबा : नको लिखू.

नवनीत : काब्र? मी आठे ऱ्हावाले पायजे आसं तुमले वाटत नही?

दोधूआबा : वाटस. म्हनीसनच सांगी ऱ्हायनू. घोडी गाभन नही शे.

नवनीत : काय?

दोधूआबा : आखाजीले डाक्टर उना व्हता. हात घालीसन दखं त्यानी. रिकामी शे म्हने.

नवनीत : आनि तुम्ही पोया पोया करी ऱ्हायन्तात? मी मॅडमले कितलादाव सांगं, घोडी व्यायनी का येस म्हनीसन.

दोधूआबा : आखाजीले तू बॅग भरी ठेयेल व्हती. डाक्टर गया आनि तू ईसन सोताच बोलना, आबा, मी शिंगरू दखीसनच जास. मी काही बोलनू नही. तुन्ही मायनं हासतं तोंड दखं नही का तू त्या दिन? मंग रोज हरभरा भिजाडा. एखादा दिन माले बी वाटे, डाक्टर चुकना व्हई.

नवनीत : पोट दिसत नही म्हनं, तं तुम्ही सांगं, पहिलारू शे, पोट आत ऱ्हास.

दोधूआबा : सांगं. तुले खरं वाटनं.

नवनीत : माले पायजे व्हतं, म्हनीसन वाटनं.

दोधूआबा : राग उना का?

नवनीत : येवाले पायजे. थांबा, लिखी ऱ्हायनू.

दोधूआबा : वाची दखाड.

नवनीत : "मॅडम, माझ्याकडे आठ जीबीचंच कार्ड आहे. नवं कार्ड दिवाळीच्या सुमारास येईल असं बोललं जातंय. मलाही आशा आहे, पण खात्री नाही, म्हणून तारीख देत नाही."

दोधूआबा : धाड.

नवनीत : धाडं. वाची लिधं त्यास्नी. लिखी ऱ्हायन्यात.

दोधूआबा : काय लिखं?

नवनीत : "खरं सांगितलंत, बरं झालं. गणपतीनंतर पुण्यात या. कार्ड मिळालं की घरून कामाचं बघू."

दोधूआबा : 'बघू' लिखं?

नवनीत : 'बघू'.

दोधूआबा : नही बी लिखं नही.

नवनीत : नही.

दोधूआबा : तो तैवानना मानूस... साधारन खरंच सांगस ना?

नवनीत : अर्धं खरं निंघस त्यान्हं.

दोधूआबा : अर्धं बी बरंच व्हयनं. त्यान्हा पुढला व्हिडिओ उना तं माले धाडजो.

नवनीत : धाडसू. आबा, सकायना हरभरा भिजेल शे. आते त्यान्हं काय करू?

दोधूआबा : घाल तिले. सवय व्हई गयी तिले.